मंठ्याच्या परसबागेत बटाटा : ९० थंड रात्रींचं गणित आणि निमगरवं वाण

परसबागेत बटाटा लावणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची आहे. पाला गुडघ्याच्या वर गेला, झाडं हिरवीगार दिसली, आणि माती उकरली तर खाली लिंबाएवढे चार बटाटे निघाले. मग खत कमी पडलं असं वाटतं. पुढच्या वर्षी शेणखत दुप्पट केलं जातं, पाला आणखी वाढतो, बटाटे मात्र तेवढेच राहतात.

जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात आणि एकूणच मराठवाड्यात असं होण्याचं कारण बहुतेक वेळा खत नसतं. लावणीची तारीख आणि वाणाची निवड, या दोन गोष्टी चुकलेल्या असतात. कापूस, सोयाबीन, तुरीच्या या पट्ट्यात बटाटा हे काही मुख्य पीक नाही. महाराष्ट्रात बटाटा म्हटलं की पुणे जिल्ह्यातले खेड, आंबेगाव, जुन्नर हे तालुके आणि साताऱ्याचा पुसेगाव-खटाव भाग आठवतो. आंबेगावच्या सातगाव पठारावर तर पावसाळ्यात बटाटा घेतात. उंचीमुळे तिथं पावसाळ्यातही हवा गार असते. मंठ्याला ती सोय नाही. इथं बटाट्यासाठी वर्षातून एकदाच खिडकी उघडते आणि ती साधारण तीन महिन्यांत बंद होते. ती चुकली तर थेट पुढच्या दिवाळीची वाट पाहावी लागते.

बटाट्याला रात्र थंड का लागते?

आपण खातो तो बटाटा म्हणजे मूळ नव्हे. तो झाडाच्या खोडाचाच भाग आहे. जमिनीखाली खोडाला आडव्या, पांढऱ्या फांद्या फुटतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटा होतो. टोकांनी फुगायचं की नाही, हे वर पानांत ठरतं. पानांत तयार होणारं एसपी६ए नावाचं प्रथिन खाली उतरतं आणि या टोकांना निरोप देतं. दिवस लहान आणि रात्री गार असल्या की हे प्रथिन भरपूर बनतं. उकाडा वाढला की त्याचं प्रमाण घटतं. मग झाड आपली सगळी ताकद पाल्यात घालतं. वरून पाहणाऱ्याला पीक झकास वाटतं, खाली मात्र काहीच घडत नसतं.

बहुतेक वाणांना बटाटा धरण्यासाठी रात्रीचं तापमान १५ ते १८ अंश सेल्सियस असेल तर उत्तम. ते २० च्या वर गेलं की पोसण्याचा वेग पडतो. दिवसा २८-३० अंशांपर्यंत ऊन असलं तरी फारसं बिघडत नाही, रात्र मात्र गार हवी.

आता हे मराठवाड्याच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री साधारण २० ते २२ अंशांच्या असतात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पारा १५-१६ कडे येतो. डिसेंबर-जानेवारीत तो १० ते १३ च्या आसपास राहतो आणि थंडीची लाट आली तर एक आकडी होतो. फेब्रुवारीचा मध्य ओलांडला की दुपार ३३-३५ अंशांकडे सरकते. मार्चमध्ये रात्रीही उबदार व्हायला लागतात. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हाताशी जेमतेम ९० चांगल्या रात्री येतात.

हळवं, निमगरवं, गरवं

भात पिकवणाऱ्यांना हे शब्द नवे नाहीत. लवकर तयार होणारं ते हळवं, उशिरा येणारं ते गरवं आणि मधलं निमगरवं. बटाट्यातही हाच हिशेब आहे. हळवी वाणं ७० ते ८० दिवसांत तयार होतात, मध्यम वाणं ९० ते १०० दिवस घेतात, गरव्या वाणांना ११० दिवसांहून जास्त लागतात. हळव्या आणि मध्यमच्या सांध्यावर एक गट आहे, ७५ ते ९० दिवसांचा. मंठ्यासाठी कामाचा गट हाच.

समजा ५ नोव्हेंबरला लावण केली. दोन आठवड्यांत कोंब वर येतात. तीस-चाळीस दिवसांनी, म्हणजे ५ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान, खाली बटाटे धरायला लागतात. हा मोसमातल्या सर्वात थंड रात्रींचा काळ. ८० दिवस पूर्ण होतात २४ जानेवारीला. तोवर रात्री गारच असतात, त्यामुळे पोसणीचा जवळजवळ सगळा काळ थंडीत पार पडतो. त्याच दिवशी १२० दिवसांचं गरवं वाण लावलं असतं तर ते ५ मार्चला तयार झालं असतं आणि शेवटचे दोन-तीन आठवडे उन्हाच्या झळा सोसत गेले असते.

यात पाण्याचाही प्रश्न आहे. मंठ्यासारख्या ठिकाणी जानेवारीत घरातल्या वापराचं पाणी बागेला फिरवणं जमून जातं. मार्चमध्ये तेच पाणी बटाट्याला घालायचं की जपून ठेवायचं, यावर घरात वाद होऊ शकतो.

अगदीच हळवं वाण का नको? घेता येतं. पण दिवस कमी मिळाले की बटाटा पोसायलाही वेळ कमी मिळतो, आणि उपलब्ध थंडीतले दहा-पंधरा दिवस वाया जातात.

'लवकर' नावाचा बटाटा आणि त्याचा वारस

भारतातल्या बटाट्याच्या बहुतेक सरकारी वाणांच्या नावापुढे 'कुफरी' असतं. कुफरी हे शिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची स्थापना १९४९ मध्ये पाटण्यात झाली आणि १९५६ मध्ये ती शिमल्याला गेली. मैदानी भागातल्या आखूड दिवसांत बटाट्याला फुलं-फळं नीट धरत नाहीत. डोंगरातल्या लांब दिवसांत ती धरतात. म्हणून संकराचं काम कुफरीला होतं आणि वाणाला गावाचं नाव लागतं.

या यादीत एक नाव चक्क मराठी आहे : कुफरी लवकर. १९७२ मध्ये आलेलं हे वाण महाराष्ट्र आणि आसपासच्या पठारी भागासाठी होतं. लवकर तयार होतं म्हणून 'लवकर'. इंग्रजी स्पेलिंगमुळे पुढे अनेकांनी ते 'लौवकर' असं वाचलं, ही गोष्ट वेगळी.

या 'लवकर'चा एलटी-१ या दुसऱ्या वाणाशी संकर करून कुफरी सूर्या तयार झालं आणि २००६ मध्ये ते प्रसारित झालं. सूर्याचं वैशिष्ट्य असं की रात्री २० अंशांपर्यंत असल्या तरी ते बटाटा धरतं. कालावधी ७५ ते ९० दिवस, म्हणजे नेमका आपल्याला हवा असलेला गट. बटाटा लांबट, पांढऱ्या सालीचा. लवकर लावलेल्या पिकावर तुडतुडे येऊन पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, त्यालाही हे वाण बऱ्यापैकी तोंड देतं. उशिरा येणाऱ्या करप्यापुढे मात्र ते कच्चं आहे. डिसेंबरात अवकाळी पाऊस आणि ढगाळ हवा झाली तर लक्ष ठेवावं लागतं.

दुसरा पर्याय कुफरी पुखराज. १९९८ चं हे वाण देशात सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या वाणांपैकी एक असल्यामुळे बेणं सहज मिळतं. कालावधी जवळपास तेवढाच, उत्पन्न भरघोस, साल आणि गर पिवळसर. पण घरात फेब्रुवारी-मार्चमध्ये वेफर्स आणि किसाचं वाळवण होत असेल तर पुखराज निराश करतो. तो तळला की लालसर-तपकिरी होतो. त्या कामाला सूर्या बरा. भाजी आणि उपवासापुरताच बटाटा हवा असेल तर दोन्ही चालतात.

जुनं आणि नावाजलेलं कुफरी ज्योती, १९६८ चं, मध्यम कालावधीचं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावलं तर इथं जमून जातं, उशीर झाला तर नाही.

बेणं कुठून आणायचं?

बागकामाच्या व्हिडिओंमुळे सर्वात मोठा घोळ इथंच होतो. 'घरातला कोंब आलेला बटाटा पुरा' हा सल्ला निम्मा खरा आहे.

नोव्हेंबरात मंठ्याच्या बाजारात दोन प्रकारचा बटाटा असतो. एक जुना : मागच्या जानेवारी ते मार्चमध्ये उत्तर भारतात निघालेला, शीतगृहातून आलेला. त्याची झोप पूर्ण झालेली असते, सावलीत ठेवला की कोंब फुटतात. दुसरा नवा : पुणे-सातारा भागातला पावसाळी बटाटा, साल नखाने निघते असा. हा कितीही ताजा आणि सुंदर दिसला तरी लावायला निरुपयोगी आहे, कारण काढणीनंतर बटाटा साधारण आठ ते दहा आठवडे सुप्तावस्थेत असतो. तो मातीत घातला तर महिनाभर काहीच उगवत नाही आणि तेवढ्यात थंड रात्रींची एक तृतीयांश खिडकी संपते.

जुन्या बटाट्यालाही दोन अडचणी आहेत. चिप्ससाठी साठवलेल्या बटाट्यावर कोंब येऊ नयेत म्हणून क्लोरप्रोफॅम हे रसायन वापरलेलं असू शकतं. आणि बाजारातला बटाटा कोणत्या वाणाचा आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. म्हणजे इतकं सगळं दिवसांचं गणित करून शेवटी हातात निनावी बटाटा.

त्याहून गंभीर बाब विषाणूंची. मावा ही कीड एका झाडावरून दुसऱ्यावर विषाणू नेते. रोगट झाडाचा बटाटा दिसायला धडधाकट असतो, पण तो बेणं म्हणून लावला की पुढचं पीक खुजं आणि पानं वळलेलं येतं. यावर भारतीय शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. पंजाब आणि आसपासच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मावा फारच कमी असतो. त्या काळात बेण्याचं पीक घ्यायचं आणि १०० पानांमागे मावा २० पर्यंत पोहोचायच्या आत पाला कापून टाकायचा. महाराष्ट्रातलं बरंचसं बेणं आजही पंजाबातून, जालंधरच्या पट्ट्यातून येतं. पुणे जिल्ह्यातलं मंचर हे त्याच्या व्यापाराचं मोठं ठिकाण.

गंमत अशी की मंठा ज्या जिल्ह्यात आहे तो जालना देशभर बियाण्यांसाठीच ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कापसाच्या बियाण्याची बॅग इथून कुठंही जाते, बटाट्याचं बेणं मात्र बाहेरून आणावं लागतं.

घरच्या बागेला लागतं दोन किलो आणि बेण्याचं पोतं येतं ५० किलोचं. त्यामुळे कृषी सेवा केंद्रात आधी विचारून, चार-पाच घरांनी मिळून किंवा बटाटा लावणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून सुटं घेणं हाच व्यवहार्य मार्ग. पोत्यावरची खूण पाहावी : निळी म्हणजे प्रमाणित, पांढरी म्हणजे पायाभूत. जालन्याजवळच्या खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ इथंही वाणाबद्दल विचारता येतं. ही चौकशी सप्टेंबरात करावी. दिवाळी झाल्यावर शोधाशोध सुरू केली तर उशीर होतो.

काळी माती, हा दुसरा अडथळा

मंठ्याची काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण बटाट्याला जड. ती पाणी धरून ठेवते, वाळली की तडकते. घट्ट मातीत बटाटा वेडावाकडा होतो, ओलीत सडतो, आणि भेगेतून उजेड लागला तर हिरवा पडतो. म्हणून अंगणात लावायचा असेल तर जमिनीवर फूटभर उंच गादीवाफा करून त्यात काळी माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि वाळू किंवा नारळाचा भुसा मिसळून माती भुसभुशीत करावी. गच्चीवर ग्रो बॅग किंवा खताची धुतलेली रिकामी गोणी चालते. निदान १५ इंच रुंद आणि तेवढीच खोल, तळाला भोकं. एका गोणीत दोन किंवा तीन बटाटे, त्याहून जास्त नाही.

इथं एक सल्ला सरळ बाजूला ठेवावा लागतो : चुलीची राख टाकण्याचा. कोकणातल्या आंबट मातीत राख चालून जाते. मराठवाड्याची काळी माती आधीच अल्कधर्मी आहे. राखेनं ती आणखी तशी होते आणि बटाट्याच्या सालीवर खपल्या धरणारा रोग वाढतो. ताजं शेणही नको, त्यातून हुमणी येते.

लावण ते काढणी

मोबाइलवर हवामानाचं ॲप उघडून रात्रीचं किमान तापमान आठवडाभर पाहावं. ते सलग २० च्या खाली राहायला लागलं की लावणीला हरकत नाही. ही वेळ बहुधा दिवाळीच्या आगेमागे येते. त्याआधी दोन आठवडे बेणं पसरट ट्रेमध्ये, सावलीत पण उजेडाच्या जागी ठेवावं. आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब येतात, ते चांगले. अंधारातले लांब पांढरे कोंब लावताना तुटतात.

शक्य असेल तर ३० ते ५० ग्रॅमचे, कोंबडीच्या अंड्याहून थोडे लहान, अख्खेच बटाटे लावावेत. कापून लावायची पद्धत आहे, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली माती अजून उबदार असते आणि कापलेली फोड सडते. कापायचेच असतील तर प्रत्येक फोडीला किमान दोन डोळे ठेवावेत आणि जखम सुकायला एक दिवस सावलीत पसरून ठेवावं.

वरंब्यावर ५ ते ७ सेंटिमीटर खोल, दोन बटाट्यांत २० सेंटिमीटर आणि दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर. तीन मीटर लांबीच्या तीन ओळी केल्या तर ४५ बटाटे लागतात, म्हणजे पावणेदोन-दोन किलो बेणं. शेतात हेक्टरी २० टन उत्पन्न आलं तर ते चौरस मीटरला २ किलो पडतं. त्या हिशेबानं एवढ्या जागेत दहा किलोच्या आसपास बटाटा अपेक्षित धरावा. 'एका गोणीत १० किलो' दाखवणारे व्हिडिओ पाहून जमिनीकडे रागानं बघू नये.

लावल्यावर वरून सोयाबीनचा भुसा पसरावा. या दिवसांत मळणी नुकतीच झालेली असते, भुसा सहज मिळतो. त्याने माती चार अंगुळं तरी गार राहते आणि पाणीही कमी लागतं. वाफ्याला जमिनीची ओल पाहून सहा ते आठ दिवसांनी, गोणीला दोन-तीन दिवसांनी पाणी पुरतं. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावं, पानांवर नको. रात्रभर पानं ओली राहिली की करप्याला निमंत्रण.

साधारण २५ ते ३० दिवसांनी झाडाच्या बुडाला मातीची भर लावायची. हे काम टाळलं तर दोन नुकसानं होतात. उघडा पडलेला बटाटा उन्हानं हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन तयार होतं, जे शिजवूनही जात नाही. त्याने मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. हिरवा भाग खोल कापून टाकावा, जास्त हिरवा असेल तर बटाटाच टाकावा, जनावरालाही घालू नये. दुसरं नुकसान पाकोळीचं. हा पतंग भेगेतून बटाट्यावर अंडी घालतो आणि अळी आत बोगदे करते. ही कीड १९०६ मध्ये इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरली आणि तेव्हापासून इथलीच झाली.

पानांवर गोल, एकात एक वलयांचे तपकिरी डाग दिसले तर तो लवकर येणारा करपा. खालची डागाळलेली पानं काढून टाकली तर घरच्या बागेत बहुधा भागतं. ढगाळ, दमट हवेत पानांच्या कडेनं पाणी शिरल्यासारखे काळपट डाग झपाट्यानं पसरले तर तो उशिरा येणारा करपा. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये उपासमार घडवणारा हाच. यात वाट पाहण्यात अर्थ नाही. अडीच ग्रॅम मॅन्कोझेब लिटरभर पाण्यात मिसळून फवारावं किंवा झाड उपटून लांब टाकावं. बटाट्याशेजारी टोमॅटो, वांगी नसलेली बरी. ती एकाच कुळातली आहेत आणि रोग वाटून घेतात.

झाडाला फुलं आली नाहीत म्हणून काळजी करू नये. 'फुलं येऊन गेली की काढा' हा सल्ला युरोपातल्या लांब दिवसांचा आहे. मंठ्यात डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा. फुलं आली काय, न आली काय, दिवस मोजणं हेच खरं.

८० ते ८५ दिवस झाले की पाणी बंद करावं आणि आठवड्यानं पाला जमिनीलगत कापून टाकावा. बटाटे लगेच काढू नयेत. दहा-बारा दिवस मातीतच राहू द्यावेत, म्हणजे साल घट्ट होते. अंगठ्यानं घासून साल निघत नसेल तर काढणीला हरकत नाही. काढल्यावर धुवायचे नाहीत. सावलीत दोन दिवस पसरून, कापलेले आणि किडके वेगळे करून बाकीचे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत.

पुणे भागात शेतकरी झाडाखाली आरण लावून, म्हणजे ढीग झाकून ठेवून, बटाटा काही आठवडे टिकवतात. मंठ्याच्या घरात मार्चची गरमी लक्षात घेता सहा ते आठ आठवडे हीच मर्यादा धरावी. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि तळताना तो काळवंडतो. त्यामुळे वेफर्स, किस करायचा असेल तर काढणीनंतर पहिल्या पंधरवड्यातच उरकावं. तेव्हा ऊनही वाळवणाजोगं झालेलं असतं. उरलेल्या लहान बटाट्यांना पुढच्या वर्षीचं बेणं म्हणून जपायचा मोह होतो, पण एप्रिल-मेच्या ४० अंशांत ते सुकतात, सडतात किंवा पाकोळीच्या तावडीत जातात, आणि मावा येऊन गेलेला असेल तर विषाणू सोबत घेऊनच पुढच्या वाफ्यात उतरतात. ते भाजीत घालावेत आणि नव्या बेण्याची चौकशी सप्टेंबरात करावी.